वेलीचा चौथा कोपरा

आजवर माझ्या हातानं किती रेघा ओढल्या गेल्या असतील, देव जाणे. त्यातल्या बहुतेक सगळ्या सरळ, काळ्या, कोरड्या. नांदेडला आमच्या डीटीपीच्या दुकानात तेव्हा कोचिंग क्लासवाल्यांची रांग लागलेली असायची. प्रश्नपत्रिका, नोट्स, उत्तरतालिका. पानाचे दोन भाग करायचे, मधोमध एक बारीक रेघ ओढायची आणि दोन्ही बाजूंना प्रश्न ठासून भरायचे. एकदा मी हौसेनं एका धड्याच्या शेवटी छोटीशी नक्षी टाकली, तर क्लासचे सर म्हणाले, मॅडम, तेवढ्या जागेत आणखी दोन प्रश्न बसतात की. असं डोकं फिरलं माझं! पण गिऱ्हाइकाला बोलणार काय? नक्षी काढली आणि दोन प्रश्न घातले.

मी मूळची लातूरची. टायपिंगची परीक्षा तिथंच दिली, लग्न होऊन नांदेडला आले आणि चाचांच्या दुकानात चिकटले. चाचा म्हणजे दुकानाचे मालक. त्यांच्या वडिलांचा खिळे जुळवून छापायचा छापखाना होता. तो बंद करून चाचांनी कॉम्प्युटर घेतले तेव्हा अक्षरांचे खिळे भंगारात गेले, पण बॉर्डरचे खिळे त्यांनी काही दिले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते ठेवलेले असत. शिशाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, कुणावर एक पान, कुणावर कळी. एकापुढे एक लावत गेलं की वेल व्हायची. काम नसलं की चाचा तो डबा उघडून बसायचे आणि मग हात काळे झाले म्हणून आमच्यावरच चिडायचे.

कॉम्प्युटरमधल्या तयार बॉर्डरी त्यांना मुळीच आवडत नव्हत्या. हे सगळं हैदराबादपासून औरंगाबादपर्यंत एकच हाय, यात आपल्या दुकानाचं काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक दिवस त्यांनी तो डबा माझ्या टेबलावर आपटला आणि सांगितलं, यातली वेल त्या डब्यात घाल. त्या डब्यात म्हणजे कॉम्प्युटरमध्ये.

म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! पण चांगलीच जिरली माझी. खिळ्याचा ठसा कागदावर घेतला, स्कॅन केला, त्याच्यावरून माउसनं पान गिरवलं. एक पान छान आलं. दुसऱ्या पानाशी जोडलं तर मधे देठ तुटलेला. देठ जाड केला तर पान सुजल्यासारखं दिसायला लागलं. देठ बारीक केला तर छापताना गायबच. मग कळलं, पान सुंदर असून भागत नाही. ते जिथं संपतं तिथूनच पुढचं सुरू व्हायला पाहिजे, म्हणजे डोळ्याला सांधा सापडत नाही. जमलं तेव्हा मी एकटीच हसत बसले. एक पान, एक कळी, पुन्हा पान, अशी वेल पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत गेली. चाचांनी बघितली आणि फक्त ‘हाव’ म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं.

कोपऱ्याचं पान मात्र त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. मी तिथं चांगलं भरगच्च फूल काढलं होतं. ते म्हणाले, तुमच्या लोकांचं हळद-कुंकवाचं बोट नेमकं तिथंच लागतं, तिथं शाई कशाला एवढी? खरंच होतं ते. लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावल्याशिवाय आपल्याकडे पत्रिका घराबाहेर पडत नाही. पहिली पत्रिका देवाची, ती तर लोक दुकानातच बोट लावून न्यायचे. त्यासाठी चाचांनी काउंटरवर करंडाच ठेवला होता. कुंकू संपलं की स्वतः आणायचे. मग मी कोपऱ्यात फुलाच्या जागी एकच नाजूक पान ठेवलं. लग्नसराईत ती वेल इतकी चालली की लोक बोट दाखवून मागायला लागले. काय दिवस होते ते! शाईचा वास, बाहेर सायकलींची गर्दी, आणि प्रश्नपत्रिकांच्या ढिगाऱ्यात मधूनच एखादी पत्रिका आली की माझ्या बोटांना सणासारखं वाटायचं.

अशाच एका लग्नसराईत मुदखेडचे एक मामा आले. रेल्वेत नोकरीला होते. स्वभाव गरीब, पण बोलायला लागले की थांबायचे नाहीत. बरोबर त्यांची भाची होती, तिचंच लग्न. मामांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. बहिणीचं घर किल्लारीच्या बाजूला. भूकंप झाला तेव्हा ही पोर गणपती बघायला मामाकडे आली होती, म्हणून वाचली. तिचे आईबाप दोघंही गेले. मामांनीच वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. आता उमरीचं स्थळ मिळालं होतं. मुलगा चांगला, पण त्याच्या आईच्या कानात कुणीतरी भरलं होतं की पोरगी पांढऱ्या पायाची आहे, आईबापाला गिळून बसली. सोयरीक कशीबशी टिकली होती. मामा म्हणाले, सगळं सुरळीत पार पडू द्या, कुठं बोट ठेवायला जागा नको.

भाची हे सगळं ऐकत शेजारी उभी होती. तिच्यासमोर बोलू नका, असं मला सांगावंसं वाटत होतं. ती टेबलावर वाकून वेल बघत होती. हीच घ्या, म्हणाली.

मजकुरात एकच गोष्ट मामांनी अडून धरली. आईबापाच्या नावामागे ‘कै.’ छापायचं नाही. ते न लावता नाव घालता येत नाही, आणि ते लावून छापलेलं मला बघवणार न्हाई, म्हणाले. म्हणून पत्रिकेत ती नुसती मामांची भाची राहिली, आईबापाचं नावच नाही.

मग मामा रोज नावं वाढवायला लागले. कुणी चुलतमामा राहिला, कुणी आत्याचे यजमान राहिले. आपल्याकडे पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस जन्मभर रुसतो, त्यामुळे मीही घालत गेले. पण वेलीचं एक असतं. ती पानापानानं वाढते, रबरासारखी ओढता येत नाही. मजकूर वाढला, चौकट लांबवली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पान बसेना. दाबून बसवलं तर चेंगरल्यासारखं दिसायचं. मी तिथलं पान काढूनच टाकलं. तीन कोपऱ्यांत पान, चौथा मोकळा. मला तर ते आवडलंच. चाचांनी मान हलवली, मामांनी प्रूफवर फक्त नावं तपासली. प्रूफ मोठ्या कागदावर होतं, चौकटीभोवती भरपूर पांढरं होतं, तिथं कुणालाच काही खटकलं नाही.

पत्रिका छापून, कापून आल्या. मामा आणि भाची न्यायला आले. मामांनी गठ्ठा सोडला, वरची पत्रिका हातात घेतली आणि होते तिथंच बसले. चौकटीला लागून कागद कापल्यावर आता तो मोकळा कोपरा भलताच दिसत होता.

“ताई,” ते म्हणाले, “ह्याचा कोपरा फाटलाय.”

कुठं फाटलाय, अख्खा तर आहे, असं म्हणत मी पत्रिका घेतली आणि मलाही तेच दिसलं. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. लातूरला आमच्या घरी असलं कार्ड आई उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. दारातच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं. भूकंपानंतर तर पोस्टमन आमच्या गल्लीत हाक मारायचाच बंद झाला होता. भिंतींना तडे गेलेले, आम्ही सगळे बाहेर मैदानात झोपायचो, आणि तो मुकाट्यानं येऊन कार्ड वडिलांच्या हातात द्यायचा. आता या पिवळ्याधमक पत्रिकेचा कोपरा तसाच दिसत होता.

मामा सांगायला लागले. बहीण-मेहुणे गेल्याची कार्डं सगळ्या सोयऱ्यांना त्यांनीच लिहिली होती. एकेक लिहायचं आणि कोपरा फाडायचा. ही पोर शेजारी बसून ते फाडलेले तुकडे फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती, खेळायला. मग म्हणाले, उमरीच्या बाईनं हे बघितलं तर ती काय म्हणेल, तुम्हीच सांगा. लगीन मोडायला तिला दुसरं काय पाहिजे?

चाचा उठले. पुन्हा छापू, म्हणाले, माझ्या खर्चानं. पण तो पिवळा कागद बाहेरून मागवलेला, संपलेला, आणि पत्रिका वाटायला सुरुवात करायची होती. दुसऱ्या कागदावर छापू, पांढऱ्यावर छापू, असं मी काहीबाही बोलत होते. लग्नाची पत्रिका पांढऱ्यावर! माझंच मला कळत नव्हतं मी काय बोलून राहिले. मामा नुसते गठ्ठ्याकडे बघत होते.

तेवढ्यात भाचीनं काउंटरवरचा करंडा ओढला. हळदीत पाण्याचा थेंब टाकला, करंगळी बुडवली आणि त्या मोकळ्या कोपऱ्यात एक पान काढलं. मग कुंकवात बोट बुडवून त्याच्या शेजारी दुसरं. माझ्या वेलीचा देठ जिथं तुटला होता, बरोबर तिथून दोन्ही पानं फुटलेली. मी दोन दिवस माउस घासून जे काढलं होतं, ते तिनं करंगळीनं असं काढलं, जसं काही ते तिथंच असायला पाहिजे होतं.

“मामा, हळद-कुंकू आपण लावणारच होतो ना?” ती म्हणाली. “सगळ्या पत्रिकांवर मीच काढते.”

मामांचा जीव भांड्यात पडला. ती पहिली पत्रिका ते माहूरला देवीला घेऊन गेले. बाकीच्या तिनं घरी बसून एकटीनं काढल्या, कुणाला हात लावू दिला नाही. लग्न झालं. मामा लाडू घेऊन आले तेव्हा उमरीची हकीकत कळली. सासूनं पत्रिका उलटीसुलटी करून बघितली, हे छापलेलं नाही, कुणी काढलं म्हणून विचारलं. सूनबाईनं स्वतः, सगळ्यांवर, असं कळलं. तशी तिनं पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली, आणि नंतर शेजारणीला म्हणाली की पोरीचा हात चांगला हाय. पांढऱ्या पायाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. चाचांनी एकाच वेळी दोन लाडू तोंडात कोंबले.

चाचा आता नाहीत. दुकान मीच बघते. प्रश्नपत्रिका कमी झाल्या, आता क्लासवाल्यांना गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स लागतात, चौकाचौकात हसणारी पोरं. पत्रिका लोक मोबाइलवर पाठवतात, त्यात फुलं उमलतात, सनई वाजते. बिस्किटांचा डबा माझ्या कपाटात आहे. कधी उघडते, हात काळे होतात, आणि मग मीही घरच्यांवर चिडते.

मध्यंतरी एक बाई मुलाला घेऊन दुकानात आली. मुलाला कोचिंगला घालायला नांदेडला आणलं होतं. तिनं हसून विचारलं, ताई, ती वेल हाय का अजून? आवाजावरून ओळखलं मी तिला. इतकी माया दाटून आली की काउंटरच्या बाहेर येऊन मी तिला जवळच घेतलं. मामा म्हातारे झाले होते, बरे होते. नवरा-बायकोनं उमरीत स्वतःचं घर बांधलं होतं, त्याच्या वास्तुशांतीची पत्रिका करायची होती. मोबाइलवरची नको, कागदावरची पाहिजे.

मी जुनी फाइल काढली. आता कॉम्प्युटर शहाणा झालाय, चौकट कितीही लांबवा, पानं आपोआप बसतात. चारी कोपरे भरलेली वेल मी तिला मोठ्या तोऱ्यात दाखवली. ती बघत राहिली. मग पडद्यावर खाली उजव्या बाजूला बोट ठेवलं.

“हे पान काढून टाका ताई. इथं मी काढणार हाव, तेव्हासारखी दोन. हळदीचं बाबांचं, कुंकवाचं आईचं. लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं ना, म्हणून सगळ्यांच्या घरी मी त्यांना तसंच पाठवलं होतं.”

हळद-कुंकू म्हणूनच बघितलं होतं सगळ्यांनी, मामांनीही. मुलगा आजूबाजूचे फ्लेक्स बघत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

“त्यांच्या अंगावर घर पडलं,” ती म्हणाली. “ह्या घरात पहिले त्यांना बोलवायचं हाय.”

मी डोळे पुसले, माउस हातात घेतला आणि ते पान काढून टाकलं.