हिरव्या चौकटीचं पाणी

माझं माहेर देऊळघाटचं. आमच्या शेजारचे चाचा कल्हईवाले. आता कल्हई लावून घ्यायला कोण येतं म्हणा. घरोघरी स्टील आलं आणि चाचा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला लागले. पण गल्लीत त्यांचा मान होता तो घरातल्या पोथीमुळे. फारसी कवितांची, हातानं लिहिलेली, पानापानावर सोन्याची वेलबुट्टी आणि भोवती हिरवी चौकट. त्यांच्या पणजोबांना ती कुठून मिळाली, हे चाचा दर वेळी वेगळं सांगत. वाचता कुणालाच येत नव्हती. बाहेरगावच्या एका मौलवींनी एकदा पाहून सांगितलं, की ही बागेची, बुलबुलाची, प्रेमाची गाणी आहेत, यात दुआ वगैरे काही नाही. चाचांनी त्यांना चहा पाजला आणि पुन्हा कधी पोथी दाखवली नाही.

त्याचं कारण पोथीचं पाणी; पोथीत दुआ आहे म्हणूनच त्याला गुण आहे, असं गल्ली मानायची. लेकराचा ताप उतरेना झाला, की चाचा ओल्या कापसानं एखाद्या पानाची चौकट हलकेच पुसत आणि तो कापूस वाटीत पिळत. ते हिरवट पाणी लेकराला पाजायचं. त्याला उलटी झाली की दुखणं बाहेर पडलं म्हणायचं. हिंदू काय, मुसलमान काय, सगळी गल्ली त्यांच्या दारात यायची. मलाही लहानपणी पाजलं होतं म्हणे. मी जगले, म्हणजे पाण्याला गुण आहे, हा आईचा पुरावा. त्यावर बोलायची सोयच नव्हती.

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मी माहेरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी तो तापला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं. ताप एकदम उतरणार नाही, पाणी पाजत राहा, म्हणाले.

"पाणीच पाजाचं हाय ना? मंग चाचाचं पाज," आई म्हणाली.

मी चिडले, भांडले. पण पोर खांद्यावर मान टाकून निपचित पडलं की शिकलेलं सगळं कुठल्या कुठे जातं. संध्याकाळी मी त्याला घेऊन चाचांच्या ओसरीवर बसले होते.

चाचांनी पोथीचं फडकं सोडलं. मोठेपणी मी पोथी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. सोनं झळझळत होतं. हिरवा रंग मात्र कागद खात सुटला होता. जिथे जिथे हिरवं, तिथे तिथे पान तपकिरी होऊन तडकलेलं. काही ठिकाणी चौकट चारी बाजूंनी तुटून मधली कविता सुटी झाली होती. मागच्या पानावरही त्याच आकाराचा करपल्यासारखा डाग उतरला होता.

"वाळवी लागली का हो चाचा?"

"वाळवी? वाळवी या पोथीले शिवत बी नाई," ते अभिमानानं म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यांनी कापूस फिरवला, वाटीत पिळला. चाचींनी आतून चमचा आणून दिला. मुलानं तोंड उघडलंसुद्धा, तहानलेला होता बिचारा. मी चमचा भरला आणि सवयीनं आधी माझ्या जिभेला लावला; कुठलंही औषध मी त्याला असंच देते. जीभ आकसली. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात राहिलेल्या ताकाची चव.

"चाचा, हे कळकलंय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "काय बोलून राह्यली तू? माह्या हातची कल्हई हाय त्या वाटीले!"

कल्हईवाल्याला याहून मोठी शिवी नाही, हे मला बोलून गेल्यावर कळलं. त्यांनी वाटी ओढून घेतली, एक घोट तोंडात घेतला आणि तिथंच थुंकले. लुंगीच्या टोकानं वाटी पुसून उजेडाकडे धरली. आतून पांढरीशुभ्र. मग पोथी जवळ घेतली, चौकटीवर नख फिरवलं आणि नखावरची हिरवी भुकटी जिभेच्या टोकाला लावली.

"जंगाल हाय," ते म्हणाले.

जंगाल म्हणजे तांब्या-पितळेवर चढतो तो हिरवा विषारी गंज; चौकटीचा रंग त्याचाच केलेला होता. जन्मभर त्यांनी लोकांच्या भांड्यांवरून तोच खरवडून काढला. कल्हई उडालेल्या पातेल्यात लेकराचं काही शिजवू नका म्हणून बायकांना रागे भरले. आणि घरात तोच पोराबाळांना पाजत होते! मी मुलाला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. त्याचा ताप पुढे औषधानंच उतरला, पण त्या क्षणी मला चाचांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"मंग आपल्या पोरीले?" चाचींनी दारातून विचारलं.

त्यांना मुलगी होती हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट.

"तिले तं दोन टाइम देल्लं होतं आपण," चाची म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "उलटी थांबेना, तं तुमी म्हणलं, निघून राह्यलं दुखणं, अजून द्या."

चाचांनी पोथीवर हात ठेवला.

"तापानंच गेली असेल हो, चाची," मी म्हणाले. माझा त्यावर विश्वास नव्हता, आणि खरं काय ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

चाचींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या चाचांच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट पाहत, तशाच उभ्या होत्या.