कपाळाला लागंस्तोवर

बाशिंगवाल्या अप्पांच्या तोंडून 'विकलं' हा शब्द मी कधी ऐकला नाही. कर्नाटकातल्या आमच्या भालकीच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या ओसरीवर भेंडाच्या हलक्या पांढऱ्या कांड्या, रंगीत कागद आणि मणी यांचा पसारा असायचा. गिऱ्हाईक पैसे देऊन, बाशिंग घेऊन कोपऱ्यावरून वळलं, तरी अप्पा म्हणायचे, "गेलंय." मग विकलं कधी म्हणायचं, असं मी एकदा विचारलं. "कपाळाला लागंस्तोवर माल माझाच की, मास्तर."

मी शेजारच्या घरातला मराठीचा मास्तर. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यापासून आमच्या घरात बाशिंग आलेलं नाही. माझं लग्न पांढऱ्या कपड्यांत, वंदना म्हणून अर्ध्या तासात झालं, आणि त्यातलाही दहा मिनिटांचा सत्कार मला जास्त वाटला होता. लग्नातल्या थाटाबद्दलचं माझं मत अप्पांना ठाऊक होतं. तरी पार्सलांवरचे पत्ते ते माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. बोलायचे मराठी, पण शाळा कन्नड. लिहायला बसले की हात तिकडेच वळायचा. पुण्याच्या पहिल्या पार्सलावर त्यांनी कन्नडमध्ये पत्ता घातला होता. ते महिनाभरानं शिक्क्यांनी काळं होऊन ओसरीवर परत आलं. "फिरून आलं बिचारं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात येऊ लागले.

मोबाइलवर फोटो बघून बाहेरगावी गेलेली आपली माणसं बाशिंगं मागवायची. बाशिंग गावाकडचं हवं, टपाल मात्र स्वस्तातलं हवं. साधं पार्सल, ना नंबर, ना माग. अप्पांचा माग म्हणजे बसवण्णांच्या तसबिरीखालचा एक खिळा. पार्सल निघालं की त्याला लाल दोरा बांधायचा, लग्नातला फोटो आला की सोडायचा. फोटोत नवरदेव कसा आहे हे ते बघत नसत. बाशिंग नीट बसलंय का, तेवढं बघायचे.

त्यांच्या भल्यासाठी मी शंभर चिठ्ठ्या छापून आणल्या: 'साध्या टपालाने पाठविलेले पार्सल गहाळ झाल्यास विक्रेता जबाबदार राहणार नाही.' वाक्य माझं होतं आणि मला बरंच आवडलं होतं. अप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"कामून लिवलाव हे?"

सगळे व्यापारी लिहितात, मी म्हणालो. गिऱ्हाईक स्वतःच स्वस्तातलं टपाल मागतं, तर धोकाही त्याचाच.

"व्हय. मग बाशिंग न्हाई पोचलं, तर नवरदेवाच्या कपाळाला तुमचा हा कागद बांधू का?"

चिठ्ठ्या वाया गेल्या नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर अप्पांनी वर्षभर फुलांचे आराखडे काढले.

त्याच उन्हाळ्यात एक दोरा सुटेना. मूळचं ठाणाकुशनूरचं, आता पुण्यात राहणारं कुटुंब. पार्सल पंधरा दिवसांपूर्वी गेलेलं, लग्न तीन दिवसांवर. मुलाच्या वडिलांचा फोन आला. माणूस सज्जन. साधं टपाल मीच सांगितलं होतं, चूक माझी, इथं तयार बाशिंग मिळतं, वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले. मी मनात म्हटलं, सुटलो. अप्पांच्या वडिलांपासून आजवर, सांगितलेलं बाशिंग पोचलं नाही असं एकही लग्न झालं नव्हतं. तो नेम आता मोडलाच असता, पण कुणाच्या तक्रारीशिवाय. अप्पांनी फोन ठेवला आणि भेंडाला चाकू लावला.

दोन दिवसांत वर-वधूची दोन्ही बाशिंगं तयार झाली. अप्पांच्या गुडघ्यांना जिना सोसत नव्हता, तरी लातूर गाठून पुण्याची बस धरायचं ठरलं. मी सोबत निघालो. मैत्रीखातर, असं तेव्हा सांगितलं. खरं कारण असं की पत्ता माझ्या अक्षरातला होता. कंडक्टरनं खोकं वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं. अप्पा म्हणाले, "न्हाई बाबा. एकदा नजरेआड केलो, गेलं." खोकं रात्रभर मांडीवर राहिलं.

मंगल कार्यालयाच्या दारात फेटेवाल्या तरुणानं आमच्यावर अत्तर उडवलं. माझ्या वहाणा आणि अप्पांचं चुरगळलेलं धोतर बघून त्यानं विचारलं, मुलाकडचे की मुलीकडचे?

"बाशिंगाकडचे," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

नवरदेवाच्या कपाळावर चकचकीत प्लास्टिकचं बाशिंग चढलेलं होतं. वडील ओशाळून पुढं आले. अप्पांनी खोकं उघडून त्यांच्यासमोर धरलं. "बांधायचं का न्हाई ते तुमी बघा. पोचवायचं माझं हुतं."

वडील काही बोलायच्या आत नवरदेवानंच ते प्लास्टिक सोडलं आणि मान खाली केली. अप्पांनी स्वतः दोरी बांधली, दोन बोटं आत घालून ताण बघितला. थाटाची टिंगल करण्यात हयात घालवलेला मी ते दिसावं म्हणून टाचा उंचावून उभा होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे कोण? "आमचे शेजारी," मी म्हणालो. माझी पदवीसुद्धा मी इतक्या ताठ मानेनं कुणाला सांगितलेली नाही.

अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. बाशिंगं आता त्यांची लेक करते. ती नंबरवालं टपालच वापरते, माग मोबाइलवर बघते. मागच्या महिन्यात एक पार्सल नंबर असूनही वाटेत अडकलं. चूक तिची नव्हती, हे पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. आता काय करणार, असं विचारायला मी ओसरीवर गेलो, तर ती नव्या बाशिंगाचं खोकं बांधत होती.

"कलबुर्गीची गाडी साडेपाचला हाय, मास्तरकाका. यायलाव का?"

मी घरी जाऊन सदरा बदलला.