शेवटचा हुकूम

हवेच्या गादीवर पाण्यावरून धावणाऱ्या, कॉलेजच्या हॉवरक्राफ्टचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे होतं, म्हणजे बिघडवायची सोयही माझ्याकडेच. रिमोटचा सिग्नल तुटला तर यंत्राने काय करावं, ते एका ओळीत लिहायचं होतं. मी ऐटीत लिहिलं, शेवटचा हुकूम पाळत राहा.

तळ्यावर चाचणी घेतली. यंत्र मध्यावर पोचलं आणि सिग्नल तुटला. शेवटचा हुकूम होता ‘पुढे’. आमची वर्षभराची मेहनत अत्यंत आज्ञाधारकपणे समोरच्या दगडी बांधाकडे निघाली.

“अरे, थांबव ना!” मैथिली ओरडली. हवा धरून ठेवणारा खालचा रबरी घेर तिने हाताने शिवला होता.

“ऐकतच नाहीये ते माझं.”

“गाढवा, तुझंच तर ऐकतंय!”

खरं होतं. हुकूम देणारा गप्प झाला, तरी हुकूम चालूच होता. बाबा फोनवर शेवटचं म्हणाले होते, “इंजिनिअरिंग सोडू नकोस.” मला ते जमत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुन्हा विचारायला बाबाच उरले नाहीत. मग मीही चाललोच आहे, समोर बांध दिसत असूनही.

यंत्र बांधावर आदळलं. घेर फाटला, तरी पंखा पुढेच ढकलत राहिला. मैथिली काठाने धावत बांधापाशी गेली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने बॅटरीची वायर उपटली. पंखा मंदावत थांबला. आता ते कुणाचंच ऐकत नव्हतं.

मला त्याचा हेवा वाटला.