गाठ मारलेला पट्टा

आम्ही दोघं भाऊ झाडांच्या फांद्या छाटायची कामं घेतो. वर चढायला सुट्या लोखंडी पायऱ्या असतात. एकेक पायरी पट्ट्याने खोडाला आवळायची आणि तिच्यावरून वर सरकायचं. म्हणून पट्ट्यांच्या बाबतीत दादा भलता कडक. काम संपलं की पट्ट्यांचा चीक धुवायचा, लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत ते वाळवायचा, मग एकेक तपासून गुंडाळायचा. मी नुसते पिशवीत कोंबले की शिव्या बसायच्या. विरलेल्या पट्ट्याच्या टोकाला तो गाठ मारायचा. गाठ असलेला पट्टा झाडाला लावायचा नाही, तोडलेल्या फांद्यांच्या मोळ्या बांधायला वापरायचा.

गेल्या दसऱ्याला आम्ही झेंडू आणायला दादरला गेलो होतो. हत्यारांची पूजा बाबांची. गिरणीत होते तेव्हापासून तो मान त्यांनी कुणाला दिलेला नाही. परत आलो तर सगळं पाटावर मांडलेलं, पट्टे छान गुंडाळलेले, वर हळदकुंकू. आम्हाला बरंच वाटलं.

दसऱ्यानंतरचं पहिलं काम परळचं. गुंडाळलेला पट्टा म्हणजे तपासलेला, या हिशोबाने दादा चढला. आडव्या फांदीवरून पलीकडे घ्यायला त्याने कमरेचा दोर क्षणभर सोडला, आणि पायाखालचा पट्टा तुटला.

तुटलेला तुकडा मी उचलला. टोकाला गाठीची जुनी मुरड होती, तिच्यावर कुंकू. पूजेत गाठीगुठी चालत नाहीत बाबांना. मला सगळं कळलं. स्ट्रेचरवरून दादानेही पाहिलं.

"बाबांना बोलायचं नाय," तो म्हणाला.

त्याच्या कमरेखालचं काही हलत नाही. बाबा रोज पेज घेऊन हॉस्पिटलात येतात आणि चमच्याचमच्याने भरवताना त्यालाच झापतात. "लक्ष खंय होता तुझा?" दादा म्हणतो, "चुकलं बाबा." माझं डोकं फिरतं. एकदा मी तोंड उघडलंच होतं. दादाने माझं मनगट असं धरलं की दुखलं.

त्या दिवशी बाबा म्हणाले, "आता पट्टे मीच आवरतलंय. तुमचो काय भरवसो नाय."

आणि खरंच आवरतात. मी झाडाखाली गेल्यावर प्रत्येक पट्टा उलगडून पाहतो, मगच चढतो. घरी आलो की ते विचारतात, "नीट होते मा पट्टे?"

"एकदम नीट होते, बाबा," मी म्हणतो. त्यांचा चेहरा खुलतो, आणि मला जेवण जात नाही.