जाऊबाई काय म्हणाल्या?

इस्त्रीवाल्या मावशींनी आयुष्यात एकच थाप मारली, पण ती अशी काही चालली म्हणता, की विचारू नका.

मावशी दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायच्या. केस पांढरे झाल्यावर त्यांनी वाचायला शिकायचं मनावर घेतलं. संध्याकाळी शाळा सुटली की तिथेच मोठ्यांचा वर्ग भरायचा. लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून सगळे बसायचे: कोपऱ्यावरची भाजीवाली, बँकेचे वॉचमन काका, आणखी चारपाच जण. शिकवायला निवृत्त झालेल्या बाई. अक्षरं जुळायला लागली तसा बाईंनी इतिहास काढला, ठळक अक्षरांतले एकेका पानाचे धडे. नियम असा, की धडा घरी कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्याने विचारलेला एक प्रश्न वर्गात आणायचा.

आता आली का पंचाईत! मावशींच्या घरी ऐकायला कोण, भिंती? वॉचमन काकांनी सरळ सांगून टाकलं, "बाई, माझं कुणी नाही." त्यावर अख्खा वर्ग असा काही हळहळला, की ते बघूनच मावशींना नको झालं. त्यांची पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आमच्या जाऊबाई विचारतायत, चाकाचा शोध लागला ते ठीक, पण ते पहिल्यांदा चिखलात रुतलं तेव्हा ढकललं कुणी?"

वर्ग खो खो हसला. बाईंनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला.

मग काय, जाऊबाई सुटल्याच! छापखाना आल्यावर हाताने लिहिणाऱ्यांनी पोट कसं भरलं? घड्याळच नव्हतं तेव्हा उशीर झाला म्हणून बोलणी कशी खायचे? माणसं टोळी करून गुहेत राहायची, तर एकटं माणूस कुठे राहायचं? या शेवटच्या प्रश्नाला मात्र कुणी हसलं नाही. पण वर्ग सुरू व्हायच्या आत भाजीवाली रोज विचारणारच, "काय म्हणाल्या जाऊबाई?"

जाऊबाई काही अगदीच हवेतल्या नव्हत्या. दोघींचे नवरे गेल्यावर दोघी एकाच खोलीत राहिल्या आणि मिठापासून खिडकीपर्यंत सगळ्यावरून भांडल्या. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी जाऊबाई गेल्या. त्या जे काही तडकून बोलायच्या, ते मावशींना पाठ होतं. आता रोज रिकाम्या खाटेसमोर बसून धडा वाचायचा, जरा थांबायचं, की जाऊबाई कुरकुरत काहीतरी विचारायच्याच. खरं सांगायचं तर मावशी वर्गासाठी खोटं बोलत होत्या असं नाही, त्यांना पुन्हा कुणीतरी भांडायला मिळालं होतं.

आणि एक दिवस बाई उत्साहाने म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी ऐकणाऱ्यांना घेऊन या. आणि मावशी, तुमच्या जाऊबाई आल्याच पाहिजेत हं!"

आता मावशी पुरत्या अडकल्या. खोटं उघडं पडलं तर त्या बाकावर कोणत्या तोंडाने बसायचं? आणि तो बाक गेला तर दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं उरलं कोण, इस्त्री? तीन दिवस त्या वर्गाला गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी गेल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊबाई गेल्या."

म्हटलं तर खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. उघडतात तर अख्खा वर्ग! बाई, भाजीवाली, काका, सगळे. खोलीत मावायला जागा नाही, तरी दाटीवाटीने खाली बसले. भाजीवालीने मावशींचा हात धरला. "कशा गेल्या हो?"

मावशी सांगायला लागल्या. पाणी मागितलं, मी उठले, पेला भरून वळले तोवर संपलं होतं. इतकं बोलल्या आणि त्यांचा बांध फुटला. आठ वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा शेजारी नवे होते, नातलग लांब. सगळं उरकून तिसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या, तर साहेबाने एवढंच विचारलं, "आज उशीर का?" त्या मुकाट्याने चादर ओढून कामाला लागल्या होत्या.

रडणं ओसरलं तशी बाईंनी पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली. वर्गाच्या भिंतीवर सालवार चिठ्ठ्या लावलेली एक लांबलचक पट्टी होती. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला भाजीवालीच्या लेकीचा जन्म. "जाऊबाईंची चिठ्ठी तिथे लागलीच पाहिजे," बाई म्हणाल्या. "काय झालं ते लिहा आणि खाली साल घाला. तुम्हीच लिहायचं."

मावशींनी पेन घेतलं. 'जाऊबाई गेल्या' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. यंदाचं साल घातलं की सगळं निभावून जाणार होतं. बाक राहणार, भाजीवालीचा हात राहणार. पण जाऊबाईंचं मरण खोटं लिहायचं? आणि तेही त्यांच्याच खाटेला टेकून? मावशींनी खरं साल लिहिलं आणि मान खाली घातली.

चिठ्ठी हातोहात फिरली. वाचता येत नव्हतं तेव्हा बरं होतं, आता एकेक जण बोट ठेवून वाचत होता. भाजीवालीचे ओठ हलले आणि थांबले. तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी खोलीकडे: एकच खाट, तीही न वापरलेली, आणि कोपऱ्यात गुंडाळलेली एकच वळकटी. मावशींना वाटलं, संपलं, आता उठतील एकेक.

चिठ्ठी शेवटी वॉचमन काकांकडे आली. ते रात्रपाळीला जायला म्हणून उठून दाराशी चप्पल शोधत होते. त्यांना वाचायला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. त्यांनी एकदा वाचलं, मग परत वाचलं.

"म्हणजे आम्हाला यायला फारच उशीर झाला, मावशी," ते म्हणाले, आणि चप्पल बाजूला सारून पुन्हा खाली बसले.