दादा ऑफलाईन दिसतो

दादा जर्मनीला गेल्यापासून पप्पा त्याच्याशी फोनवर बोलत नाहीत. त्याचा फोन आला की ते आईकडे सरकवतात आणि "जेवला काय, विचार" एवढं बोलून गॅलरीत जातात. आमचं शिवाजी पेठेत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दादानं त्यात बसायला नकार दिला, त्यावरून भांडण झालं आणि ते कुणीच मिटवलं नाही.

पण दर रविवारी संध्याकाळी पप्पा दादाच्या जुन्या गेमिंग कन्सोलवर फुटबॉल खेळतात आणि पलीकडून खेळायला दादा असतो. पप्पा तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचे. पुढे गुडघा गेला, ओरडणं राहिलं. हेडफोन त्यांच्या कानावर असल्यामुळे मला फक्त त्यांची बाजू ऐकू येते. "तितनं मारतोस व्हय? माझा गोलकीपर काय झोपलाय?" मग मधेच, वेगळ्याच आवाजात, "थंडी लई हाय काय तिकडं?" मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असते. पान उलटत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दादा खेळायला आला नाही. ओव्हरटाईम लागला, असा मेसेज त्यानं मला केला. मी तो पप्पांना वाचून दाखवला. ते हेडफोन लावून रिकाम्या मैदानाकडे बघत होते. "कळलं," म्हणाले. थोड्या वेळानं हेडफोन काढून त्यांनी त्याची वायर नीट गुंडाळली.

"पुढच्या रविवारी न्हाय आला तर हे खोक्यात घालायचं आन् माळ्यावर टाकायचं. म्हाताऱ्याला कशाला खेळणी?"

पप्पा बोलले की तसं करतात. बाप-लेकाचं जे काही बोलणं उरलं होतं ते माळ्यावर जाणार, या विचारानं माझं आठवडाभर कशात लक्ष लागलं नाही. दादाला मी तीनतीनदा मेसेज केला: रविवारी नक्की ये. कारण लिहिलं नाही. आमच्या घरात कारणं कुणी लिहीत नाही.

मधे कागलच्या मावशीचं ऑपरेशन झालं म्हणून आई आणि मी तिकडे गेलो. खंडेनवमीला पप्पा एकटेच घरी होते. दसऱ्याला दुपारी आम्ही परतलो तेव्हा बाहेरच्या खोलीत पाटावर पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर ओळीनं मांडलेले होते, हळदकुंकू आणि झेंडू वाहिलेले. आईला बरं वाटलं. "केली की हो पूजा!" ती म्हणाली. "मग, तुझ्यासाठी थांबतो व्हय?" पप्पा म्हणाले.

रविवार आला. पप्पांनी कन्सोल चालू केला आणि मित्रांची यादी उघडली. सगळी नावं करडी. दादाचंही.

"बघ. ऑफलाईन."

"पप्पा, तो ऑफलाईन नाही. आपण आहोत."

"तितं त्याचं नाव हाय का माझं?"

मी कंट्रोलर घेतला. कन्सोलवर कनेक्शन तपासायची सोय असते, ती चालवली. इंटरनेट नाही, केबल तपासा, असं इंग्रजीत आलं. केबल तर मागे लावलेली दिसत होती. राऊटरचे दिवे मात्र हिरवे होते आणि माझा फोन त्याच वाय-फायवर नीट चालत होता. राऊटर बंद करून परत लावला. तेच.

दादाचा मेसेज आला: मी आलोय, पप्पा कुठायत? मी लिहिलं: थांब, जाऊ नकोस.

केबलवाल्याला फोन करणं मला नको होतं. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात म्हणून बघते, आणि शाळेतल्या सवयीनं ते इंग्रजीतच तयार होतं. तरी केला.

"हिरवी लाईट हाय न्हवं ताई?" तिकडे मागे मैदानावरचा गोंगाट चालला होता. "मग आमच्याकडनं लाईन वक्के हाय. तुमचंच काय तर बघा की!"

मग वाय-फायनं कन्सोल जोडून बघितला. टीव्ही आतल्या भिंतीवर, राऊटर पार बाहेरच्या खोलीत. म्हणून तर जाण्याआधी दादानं दारांच्या चौकटीवरून खिळे मारत केबल आणली होती. सामना कसाबसा सुरू झाला. पप्पांचा बचावपटू पाय उचलून तसाच उभा राहिला, चेंडू हवेत थांबला, आणि चित्र परत हललं तेव्हा दादाचा गोल झालेला होता. तेवढ्यात कनेक्शन गेलंच.

"ह्याला खेळ म्हणत्यात व्हय?" पप्पा उठले. "जाऊ दे पोरी. खोकं कुठाय ते?"

"आई, खोकं देऊ नको," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघाला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पप्पा उभेच राहिले.

मी टीव्हीखाली गुडघ्यावर बसून कन्सोल पुढे ओढला. केबल ओढून बघितली तर अलगद हातात आली. ती बसली की टक् असा आवाज येतो. परत घातली तर आला नाही. कन्सोलची वीज बंद करून मी मोबाईलच्या उजेडात त्या चौकोनी खाचेत बघितलं. आत काहीतरी आडवं अडकलं होतं. लाकडी टूथपिकनं हळूहळू पुढे आणलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

कन्सोलच्या कडेला, नुसतं बघून दिसणार नाही असा, पिवळा डागही होता. कापडानं पुसलेला, पण पूर्ण न गेलेला. मी लहान असताना खंडेनवमीला पप्पांचे जुने फुटबॉलचे बूट पाटावर असायचे, ते मला आठवलं. दाणा मी मुठीत धरला.

केबल टक् करून बसली. नावं उजळली.

"काय झालतं गं?" पप्पांनी विचारलं.

"केबल नीट बसली नव्हती."

त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं. मग हेडफोन चढवला. "व्हय, आलो. न्हाय रे, लाईन गेलती. आमच्याकडनंच." आणि कंट्रोलर हातात घेत, "तू थांबलास व्हय एवढा वेळ?"

मी शेजारच्या खोलीत जाऊन बसले. पहिला गोल होईपर्यंत पुस्तक उघडलंच नाही. तो पप्पांनी मारला.

अजूनही ते दोघं फोनवर बोलत नाहीत, आणि दर रविवारी पप्पा बसायच्या आधी मी केबल दाबून बघते. यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी कन्सोलच्या मागच्या खाचांवर चिकटपट्टी लावून ठेवली. कुणाला सांगितलं नाही. सकाळी पाटावर पक्कड आणि टेस्टरच्या मधे कन्सोल होता, सगळ्यांसमोर. कुंकवाचं बोट बरोबर चिकटपट्टीवर ओढलेलं होतं.