सेक्रेटरींनी मागणी मागे घेतली

जगात न मिटणारं असं काहीच नसतं, दोन्ही बाजू पुरेसा वेळ समोरासमोर बसलेल्या नसतात इतकंच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. माझ्या पत्नीच्या बँकेत अधिकाऱ्यांची जी संघटना आहे, तिचे ते सेक्रेटरी. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पदही दुसऱ्याकडे गेलं, पण बारामतीत त्यांना अजून सगळे सेक्रेटरीच म्हणतात. घरीसुद्धा. आपण त्यांच्या ओसरीवर बसलेलो असलो की आतून वहिनींचा आवाज येतो, "सेक्रेटरी, ताट वाढलंय. आता उठताय का रीतसर नोटीस देऊ?" आणि सेक्रेटरी तितक्याच गंभीरपणे विचारतात, "भाजी कंची हाय ते आदी जाहीर करा."

ते मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरचा ऊस कारखान्याला जायचा आणि वडील दरवर्षी सभासदांच्या सभेत उभे राहून दरावर बोलायचे. सेक्रेटरी शाळा बुडवून त्या सभांना जात. बोलणी करण्याची विद्या त्यांनी तिथेच उचलली, आणि ती त्यांच्या अंगात इतकी भिनली की साधी कोथिंबीर आणायला मंडईत गेले तरी हात हलवत परत येत. एकदा दोन भाजीवाल्या बसायच्या जागेवरून भांडत होत्या. सेक्रेटरींनी तिथेच पिशवी खाली ठेवली, दोघींचं म्हणणं वेगवेगळं ऐकून घेतलं, मग एकत्र ऐकलं, आणि दुपारपर्यंत त्यांच्यात समझोता घडवून आणला. घरी आले तेव्हा वहिनींनी कोथिंबिरीचं विचारलं. "ती ऱ्हायली," सेक्रेटरी म्हणाले, "पन दोघी आता शेजारी शेजारी बसत्यात." भाव करतानाही ते बरेचदा चुकून विक्रेत्याच्या बाजूने बोलत. वांगी विकणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांना त्यांनी विचारलं होतं, "एवढ्यात परवडतं का तुमाला?" त्यावर तात्या म्हणाले, "न्हाय परवडत, पन तुमी घेनार हाय का निस्तं इचारनार?"

त्यांच्या कालगणनेला आपलं कॅलेंडर चालत नाही. बँकांचे पगार दर काही वर्षांनी होणाऱ्या करारांनी ठरतात. सेक्रेटरींना आयुष्यातली प्रत्येक गोष्ट या करारांच्या हिशेबाने आठवते. थोरला मुलगा ज्या करारात घरभाडं वाढलं त्या वर्षीचा. आई वारली ती बोलणी फिसकटली होती त्या हिवाळ्यात. आमच्या लग्नाला ते आले होते का, असं मी एकदा विचारलं, तर क्षणभर डोळे मिटून म्हणाले, "न्हाय सर. त्यावेळी मागनीपत्र द्यायचं चाललं हुतं." मी कॉलेजात ग्रंथपाल होतो म्हणून ते मला सर म्हणत. माझ्या पत्नीला मात्र चारचौघांत मॅडम आणि भांडताना ताई. ती त्यांची सहचिटणीस होती; सभेत त्यांच्या डाव्या हाताला बसायची आणि त्यांना इंग्रजी शब्द अडला की पुरवायची. इंदापूरच्या शाखेत शेवटची काही वर्षं रोज एसटीने जाऊन येऊन नोकरी करायची आणि संध्याकाळी संघटनेच्या कामाला बसायची. ती दोघं सतत भांडत आणि दुसऱ्या कुणी त्यांच्यापैकी एकाविरुद्ध ब्र काढला तर एक होत.

मुंबईच्या एका बैठकीची गोष्ट तिने मला किती वेळा सांगितली असेल. पुणे विभागातून या दोघांना बोलावलं होतं, मागच्या रांगेत बसायला. पुढे बँकांचे मोठे अधिकारी आणि संघटनांचे मोठे पुढारी. विषय होता निवृत्तांच्या पेन्शनचा. नोकरीत असलेल्यांचा पगार प्रत्येक करारात वाढतो, पण जो आधी निवृत्त झाला त्याची मूळ पेन्शन तो ज्या दिवशी घरी बसला त्या दिवशी होती तिथेच राहते. पुढचे लोक यावर तासभर बोलले आणि कुणाला काही पटलं नाही. तेव्हा मागच्या रांगेतून सेक्रेटरी उठले. "साहेब, आमच्याकडं ऊस घातला की कारखाना पैली उचल देतो. मंग साखर इकली जाती, हिशोब हुतो, आन् दिवाळीला फरकाचं बिल येतं. हितं आमच्या म्हाताऱ्यांनी उभा जलम ऊस घातला. उचल मिळाली. दिवाळीचं बिल कुठं हाय?" सगळी खोली हसली. मागणी मान्य झाली नाही, आजही झालेली नाही. पण जेवणाच्या सुट्टीत बँकेचा एक बडा अधिकारी हळूच सेक्रेटरींजवळ आला आणि म्हणाला, "माझे वडील पण तुमच्या त्याच म्हाताऱ्यांत मोडतात." सेक्रेटरींनी त्याला तिथल्या तिथे वर्गणीचं विचारलं, असं ती सांगायची, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अशा माणसाला घरच्या मंगलकार्यात पुढे करू नये, हे त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात सगळ्यांना कळलं. बैठक इंदापुरात, मुलीच्या घरी होती. मुलीकडच्यांनी सगळं पहिल्याच दमात कबूल केलं. खर्च निम्मा निम्मा, मानपान नाही, तारीख तुम्ही म्हणाल ती. वास्तविक पेढा खाऊन उठायचं. पण पहिल्या फेरीत सगळं मान्य करणारी बाजू सेक्रेटरींनी जन्मात पाहिली नव्हती. ते अस्वस्थ झाले. "असं कसं? तुमच्याबी काही मागन्या असतीलच की. मोकळेपनानं मांडा." पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. मग सेक्रेटरींनी मुलीच्या वतीने स्वतःच मागण्या काढायला सुरुवात केली. तिची नोकरी चालू राहावी, पहिली दिवाळी माहेरी व्हावी, सासऱ्याने म्हणजे खुद्द त्यांनी तिच्या पगारात लक्ष घालू नये. शेवटी मुलीचे मामा वैतागून म्हणाले, "पाव्हनं, पोरगी द्यायची हाय, संप मिटवायचा न्हाय!" तरी त्या सगळ्या मागण्या स्वतःच मान्य करून मगच सेक्रेटरी उठले. सून अजून सांगते, माझ्या बाजूने सासऱ्यांइतकं माहेरचंही कुणी बोललं नव्हतं.

माझी पत्नी आजारी पडली तेव्हा ते रोज दवाखान्यात येत. तरुण डॉक्टरने एकदा आम्हा दोघांना बाहेर बोलावून तिच्याकडे किती वेळ आहे ते हलक्या आवाजात सांगितलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो. सेक्रेटरी पुढे सरकले. "डॉक्टर, तुमी म्हैन्यांत बोलताय. आमी वर्सांत मागतोय. मधलं काहीतरी काढा." डॉक्टरला हसावं की काय करावं ते कळेना. त्याने मान खाली घातली. "साहेब, माझ्या हातात असतं तर…" "कुनाच्या हातात हाय ते सांगा, तितं जाऊ," सेक्रेटरी म्हणाले. हे सगळं दारातून तिला ऐकू गेलं होतं. आम्ही आत गेलो तेव्हा ती म्हणाली, "सेक्रेटरी, हितं समोर मॅनेजमेंट न्हाय हो." एरवी प्रमाण भाषेत बोलणारी ती, त्यांच्याशी मात्र त्यांच्याच बोलीत बोलायची. ते तिच्या पायाशी स्टुलावर बसले आणि तिच्या पायांवरची चादर सारखी करू लागले.

ती गेली. तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मग तिच्या माघारी मला मिळायच्या कौटुंबिक पेन्शनचा विषय निघाला. ही पेन्शन पूर्वी इतकी तुटपुंजी असे की घेणाऱ्यालाच लाज वाटावी. या दोघांनी त्यासाठी अर्धं आयुष्य घासलं होतं. "मानूस गेला म्हंजी घराची चूल अर्धी हुत न्हाय," हे सेक्रेटरींचं वाक्य प्रत्येक सभेत असे. अखेर एका करारानंतर ती रक्कम माणसासारखी झाली. ते अर्ज घेऊन आले आणि मी म्हणालो, "नको."

कारण दिलं नाही. मला ते नीट सांगताच आलं नसतं. पण कारणाशिवायचं "नको" सेक्रेटरींना कसं सहन व्हावं? पुढच्या ऐतवारी ते पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा म्हणाले, हा उपकार नाही, हक्क आहे. एकदा म्हणाले, "तुमी घेतली न्हाय तर उद्या ते टेबलावर म्हंतील, बगा, ह्यांना गरजच न्हाय. तुमच्या एकट्याच्या मानापायी बाकीच्या बायाबापड्यांचं नुकसान." एकदा वहिनींना पुढे केलं, वहिनींनी गुळाची ढेप दिली आणि माझ्याच बाजूने बोलल्या. प्रत्येक वेळी बोलणं तिच्यावर जायचं. ती या मुद्द्यावर काय म्हणाली असती, कुठल्या सभेत काय म्हणाली होती, कुणाला कसं गप्प केलं होतं. मग एका ऐतवारी ते खरोखर चिडले. "सर, तुमी मॅनेजमेंटपेक्षा वाईट! ती निदान कारन तरी देती, पैसा न्हाय म्हनती." तेव्हा मी म्हणालो, "ती गेली त्याचा मोबदला मला घेववत नाही, सेक्रेटरी."

त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. मग उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "मागनी मागं घेतो." हे शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी कुणी ऐकले नसतील.

पुढच्या ऐतवारी ते आले. चहा घेतला. उन्हाबद्दल बोलले, कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलले. पेन्शनचं नाव नाही, म्हणून तिचंही नाव नाही. ते कप हातात घेऊन शोकेसमधल्या पुस्तकांकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. आठवड्यातून एकदा या घरात तिच्याबद्दल कुणीतरी भांडत होतं, ते मी बंद पाडलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि हेही, की भांडायला येणारा माणूसही कुणाला तरी मुकला होता. मी विचारलं, "अर्ज आहे का जवळ?"

मला वाटलं, ते खूश होतील. ते गांगरले. "घाई नको सर. आदी तुमचं म्हननं ऐकून घेतो. पुढच्या ऐतवारी बसू की निवांत." मी म्हणालो, "उद्या बँक उघडी आहे."

आम्ही एसटीने इंदापूरला गेलो. शाखेतली तरुण अधिकारी मुलगी सेक्रेटरींना पाहून उभी राहिली. त्यांनी चष्मा लावून अर्जातली ओळ न् ओळ वाचली. एका जागी मला लिहून द्यायचं होतं की मी पुनर्विवाह केलेला नाही. सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, ह्या मुद्द्यावर काही चर्चा?" मी हसलो. ती गेल्यानंतर प्रथमच हसलो, तिच्याच शाखेत, तिच्याच सहकाऱ्यांसमोर, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटलं नाही. मग सही केली.

पेन्शन सुरू झाली त्याच महिन्यात ते निवृत्तांच्या संघटनेचं पावतीपुस्तक घेऊन हजर. "आता तुमी सभासद." अशा रीतीने मी परवा पहिल्यांदा बारामतीत त्यांच्या सभेला गेलो. तिची सभा सुटेपर्यंत मी इतकी वर्षं बाहेर स्कूटरपाशी पुस्तक वाचत थांबलो होतो. आत कधी गेलो नव्हतो. बहुतेक जण माझ्याहून थकलेले, काठीवाले, कुणी बोलू लागलं की कानामागे हात धरणारे. "मॅडमचे सर आले," असं कुणीतरी म्हणालं आणि मला पुढे, सेक्रेटरींच्या डाव्या हाताची खुर्ची दिली.

सेक्रेटरी निवृत्तांच्या राहिलेल्या मागणीवर बोलायला उभे राहिले. आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता, पण लोक ऐकत होते. सरकारी पत्रातला एक इंग्रजी शब्द त्यांना सांगायचा होता आणि तो ऐन वेळी आठवेना. त्यांनी बोट वर धरलं आणि सवयीने डावीकडे वळून पाहिलं, शब्दाची वाट पाहत. त्या खुर्चीत मी होतो. जन्मभर पुस्तकांत राहिलो, पण तो शब्द कोणता ते मला माहीत नव्हतं. मग त्यांनी बोट खाली घेतलं, तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगितली, आणि पुढे बोलू लागले.